एक झाड = २२ किलो? कार्बनच्या हिशेबात नत्र-स्फुरद कुठाय?

गोदाकाठ
सोमवार, रात्री १०:१२

‘एक झाड वर्षाला २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं.’ शेतात झाडं लावा आणि कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचे, पैसे घ्या, असं सांगणारं एका कंपनीचं माहितीपत्रक सध्या आमच्या दिंडोरीच्या बाजूला फिरतंय, त्यातलं हे पहिलंच वाक्य. पुढे सरळ गुणाकार. एकरी ४०० झाडं, म्हणजे वर्षाला ८.८ टन, गुणिले ३० वर्षं, गुणिले टनाचा भाव. मामांनी ते मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, "तू मातीच्या लॅबमध्ये आहेस ना, बघ जरा." कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

झाड कोणतं, माती कोणती, पाऊस किती, कशाचा पत्ता नाही. गोदाकाठची गाळाची जमीन असो की चांदवडचा मुरमाड माळ, दोन्हीकडे २२ किलोच. निदान पाण्याचं तरी कोणी विचारतं. त्या मातीत नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) किती, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी २८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २८०) आसपास होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. माणूस दरवर्षी जेवढा सोडतो त्यातला साधारण ३० टक्के जमिनीवरची झाडंझुडपं आणि माती मिळून ओढून घेतात. ही फुकटची सेवा. हवेत कार्बन जितका वाढेल तितकी झाडं जास्त खातील, असं बरेच हिशेब धरून चालतात. पण पानात कार्बन पकडणारं जे रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) आहे ते प्रथिन, आणि प्रथिन म्हटलं की नत्र आलं. पेशीतली ऊर्जेची देवघेव स्फुरदाशिवाय होत नाही. पंगतीत पुऱ्या येतच राहिल्या आणि भाजी संपली, तर माणूस पुऱ्या खाऊन खाऊन किती खाणार?

जो घटक सगळ्यात कमी, त्यावर वाढ अडते, हा नियम शेतीच्या पुस्तकात लीबिगच्या नावावर आहे (मांडला होता आधी कार्ल स्प्रेंगेलनं, १८२८ मध्ये, पण नाव झालं लीबिगचं. चालायचंच). आपण तो पिकाला लावतो, जंगलाला लावायचं विसरतो.

अमेरिकेत टेनेसीमध्ये ओक रिजला याचा मोठा प्रयोग झाला. उघड्या रानात स्वीटगम झाडांभोवती पाइपांची कडी उभी केली आणि वर्षानुवर्षं जादा कार्बन डायऑक्साइड सोडला. काचघर वगैरे नाही, ऊन-पाऊस जसा आहे तसा. २००१ ते २००३ या काळात त्या झाडांची वाढ शेजारच्या साध्या झाडांपेक्षा २४ टक्के जास्त होती. २००८ ला तो फरक ९ टक्क्यांवर आला. हवेतला कार्बन तेवढाच होता. मातीतलं मिळण्याजोगं नत्र आटलं होतं.

त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या पाइनच्या रानात मात्र वाढ टिकली. तिथल्या मुळांनी आणि मुळांवरच्या बुरशीनं मातीतलं जुनं सेंद्रिय द्रव्य फोडून नत्र काढलं. म्हणजे झाडात कार्बन जमा, पण मातीतला खर्ची.

हे पत्रक अजून कोणाकडे आलंय का? कोणी सही केली का?

---

निफाडी_नाना
सोमवार, रात्री १०:५५

आमच्याकडं बी आलं ते. मी सही केली नाही, कारण ३० वर्षं जमीन अडकणार म्हटल्यावर आमच्या थोरल्यानं हात धरला.

बाकी तुम्ही जे लिहिलं ते उसात आम्ही रोज बघतो. पाचट (उसाची वाळकी पानं) जाळायचं बंद केलं, कुट्टी करून सरीत दाबलं, तर पहिल्या वर्षी खोडवा (तोडणीनंतर फुटलेला ऊस) पिवळा. बांधावरचे हसले. राहुरी विद्यापीठाची शिफारस नंतर कळली, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवायचं जिवाणू कल्चर. ते टाकल्यापासून पिवळेपणा गेला. जंगलाला युरिया कोण टाकणार?

---

अपर्णा_क
सोमवार, रात्री ११:२०

मी शेतीतली नाही, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये कुंड्या एवढीच माझी जमीन. पण शंका आहे. पॉलिहाऊसमध्ये मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि उत्पन्न वाढतं, हे खरंय ना? शिवाय पृथ्वी हिरवी होतेय आणि त्यात भारत-चीन पुढे, असा नासाचा नकाशाही मध्यंतरी सगळीकडे फिरत होता. मग नत्र अडवतंय कुठे?

---

गोदाकाठ
मंगळवार, सकाळी ७:४०

नाना, तुमच्या पाचटावर स्वतंत्र लिहितो, कारण अख्खा विषय त्यात बसलाय. आधी अपर्णाताईंचं.

पॉलिहाऊसमध्ये कार्बन वाढवतात तेव्हा ठिबकमधून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅशियम, तिन्हींचं खत) पण चालू असतं. भाजी संपूच देत नाहीत. म्हणून तिथे वाढ दिसते.

नकाशाचं म्हणाल तर तो खोटा नाही. २०१९ चा अभ्यास आहे. पण त्यात भारताची हिरवाई कशाची हे बघा: ८२ टक्के शेतीची, जंगलाचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आत. म्हणजे दोन-दोन, तीन-तीन पिकं, बोअरचं पाणी आणि गोण्यांनी टाकलेलं खत. उपग्रहाला पान हिरवं दिसतं. ते पान ९० दिवसांचा कांदा आहे की ९० वर्षांचा साग, हे त्या रंगावरून कळत नाही. कांद्यानं ओढलेला कार्बन लासलगावच्या मार्केटमधून ताटात येतो आणि आपल्या श्वासातून परत हवेत जातो. साठा शून्य.

जगभरात कार्बन वाढल्यामुळे हिरवाई वाढलीय हे मात्र खरं, ते नाकारत नाही. आत्तापर्यंत जमिनीनं आपल्याला वाचवलंय. ही उधारी किती दिवस चालेल, एवढाच प्रश्न.

---

सिडनीकर
मंगळवार, सकाळी ९:०५

मूळचा पंचवटीचा, आता इथे. आमच्यापासून गाडीनं तासाभरावर रिचमंड आहे. तिथे वेस्टर्न सिडनी विद्यापीठाचा असाच प्रयोग जुन्या निलगिरीच्या जंगलात २०१२ पासून चालू झाला. २५ मीटर व्यासाची सहा वर्तुळं, त्यातल्या तिनांत १५० पीपीएम जादा. तिथली माती स्फुरदाला फार गरीब.

त्यांचा २०२० चा निकाल वाचण्यासारखा आहे. पानांनी कार्बन १२ टक्के जास्त ओढला, हे मोजलं. पण खोडं काही जाड झाली नाहीत. मग गेला कुठे, तर झाडांच्या आणि मातीच्या श्वासातून परत हवेत, त्यातला जवळपास निम्मा एकट्या मातीतून. झाडं जादा साखर मुळांवाटे मातीत ओततात, जिवाणूंना लाच दिल्यासारखी, की बाबांनो जरा स्फुरद सोडवून द्या. जिवाणू साखर खातात, श्वास सोडतात, आणि स्फुरद स्वतःच ठेवून घेतात.

---

सह्यभटक
मंगळवार, दुपारी १:३०

लाचेची उपमा आवडली. आपल्या ओळखीचा व्यवहार :)

पण एक सांगा, इंग्लंडमधल्या ओकच्या जंगलाबद्दल उलटं वाचलंय. तिथे पावणेदोनशे वर्षांची झाडं आहेत आणि जादा कार्बननं लाकूड वाढलं म्हणे. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा का?

---

गोदाकाठ
मंगळवार, रात्री ९:१५

बरोबर वाचलंय. स्टॅफर्डशरमधला प्रयोग, २०२४ ला निकाल आला, सात वर्षांत लाकडाची वाढ सरासरी ९.८ टक्के जास्त. गंमत म्हणजे त्यात रिचर्ड नॉर्बी आहेत, ओक रिजवर वाढ कमी होत गेल्याचं दाखवलं तेच. त्यामुळे ‘म्हातारं जंगल काहीच करत नाही’ असं कोणी म्हणत असेल तर ते चूक.

मी त्यातून उलट पत्रकाविरुद्धचाच मुद्दा काढतो. टेनेसीत २४ वरून ९, सिडनीत शून्य, इंग्लंडात ९.८. हवेत वाढवलेला कार्बन सगळीकडे साधारण सारखाच. फरक पडला मातीनं आणि मुळांवर कोणती बुरशी आहे त्यानं. मग वणी, चांदवड आणि सुरगाण्याला एकच आकडा कसा लागेल? अॅमेझॉनमध्ये मनाउसजवळ तर खतं टाकूनच पाहिलं. २०२२ ला छापून आलं, की नत्र टाकून काही हललं नाही, स्फुरद टाकल्यावर बारीक मुळं आणि पानं वाढली. लाकूड तिथेही वाढलं नाही, निदान पहिल्या दोन वर्षांत. त्या जंगलाला स्फुरदाचा एक हप्ता सहारातून येतो, वाऱ्यावरच्या धुळीतून, वर्षाला अंदाजे २२ हजार टन. जवळपास तेवढाच पावसानं वाहून जातो.

हवामानाची जी संगणकी प्रारूपं असतात ना, ज्यावरून ‘२१०० पर्यंत जंगलं एवढा कार्बन घेतील’ म्हणतात, त्यात दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत नत्राचं चक्र असलेली प्रारूपं फक्त दोन होती, आणि त्या दोघांचं जमिनीचं गणित एकच. नंतरच्या फेरीत ११ पैकी ६ मध्ये नत्र आलं. स्फुरद असलेलं एक. आपल्या तालुक्याच्या कृषी सहायकाला जे माहीत आहे ते गणितात यायला एवढा वेळ लागला.

आता नानांचं पाचट. वही काढा.

एक टन वाळलेल्या पाचटात कार्बन ४०० किलोच्या वर, नत्र साधारण ५ किलो. हे कुजून त्यातला समजा १२० किलो कार्बन ह्युमस (मातीत टिकून राहणारं कुजलेलं द्रव्य) म्हणून टिकला. ह्युमसमध्ये दर १२ किलो कार्बनमागे १ किलो नत्र लागतं. हे प्रमाण जगात कुठेही माती उकरा, फारसं हलत नाही. म्हणजे १२० ला १० किलो नत्र हवं. पाचटाचं स्वतःचं ५. उरलेलं जिवाणू मातीतून उचलतात, तेच उसाच्या तोंडचं असतं, म्हणून खोडवा पिवळा. आता शिफारस बघा. ८ किलो युरिया म्हणजे पावणेचार किलो नत्र. जवळजवळ जमलं की नाही? सुपर फॉस्फेट स्फुरद आणि गंधकासाठी, कारण ह्युमसला तेही ठरलेल्या मापात लागतं.

हाच हिशेब एकराला लावू. तुमच्या मृदा पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४० टक्के असतो, आपल्याकडे बऱ्याच जणांचा असतो. तो ०.५० करायचा. वरच्या १५ सेंटिमीटरचं वजन एकरी ८०० टन धरा, ०.१ टक्का म्हणजे ८०० किलो कार्बन. त्याला बांधून ठेवायला अंदाजे ६७ किलो नत्र, १६ किलो स्फुरद (मूलद्रव्य धरून, पोत्यावरचा आकडा याच्या सव्वादोन पट होतो), ११-१२ किलो गंधक. नत्राचं म्हणाल तर युरियाच्या तीन गोण्या आणि वर थोडं. पिकाला देता ते वेगळं, हे फक्त कार्बनला सोबत म्हणून मातीत कायमचं कोंडायचं.

कार्बन क्रेडिटवाला ८०० किलो कार्बनचे २.९ टन कार्बन डायऑक्साइड करून पैसे सांगेल. त्या ६७ किलो नत्राचं बिल कोण भरणार, ते सांगणार नाही.

---

काळी_आई
मंगळवार, रात्री १०:३१

सगळं युरियाच्या चष्म्यातून बघायची सवय लागलीय. आमच्या वाडवडिलांनी कुठे युरिया टाकला? देशी गाईचं जीवामृत टाका, हवेत ७८ टक्के नत्र आहे, जिवाणू सगळं आणून देतात. माती कधी उपाशी नसते, तिला विष पाजून मारलंय. हे परदेशी प्रयोग आपल्याला लागू नाहीत.

---

निफाडी_नाना
मंगळवार, रात्री १०:४४

वाडवडिलांनी एकरी १०० टन ऊस बी नाही काढला.

---

गोदाकाठ
मंगळवार, रात्री ११:१०

काळी_आई, जीवामृताला माझा विरोध नाही, मामांच्या बागेत मी स्वतः ढवळलंय. पण वजन करू. एकराला २०० लिटर, त्यात १० किलो शेण, २ किलो बेसन, गूळ, गोमूत्र. शेणातलं नत्र फार तर ५० ग्रॅम, बेसनातलं ७० ग्रॅम. गोमूत्राचं धरलं तरी पाव किलोच्या आत-बाहेर. जिवाणूंना चालना मिळते, मातीत अडकलेलं थोडं सुटतं, हे होत असेल. पण सुटलेलं हे मातीतलंच असतं, साठ्यात भर पडत नाही.

हवेतलं नत्र आणणारे जिवाणू आहेत, तुमचं बरोबर. पण ते हरभरा, तूर, धैंचा, बांधावरच्या शेवरीच्या मुळांवर गाठी करून राहतात. त्यांना मालकाकडून साखर लागते, शिवाय स्फुरद आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. स्फुरदच नसेल तर गाठी धरत नाहीत. आणि हवेतलं स्फुरद कोणीच आणू शकत नाही, कारण हवेत ते वायूच्या रूपात नसतंच. ते खडकातून यायचं, नाहीतर पोत्यातून.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक भानगड. खडक बेसाल्ट, पालाश भरपूर, पण खाली चुनखडी, सामू (पीएच) आठच्या वर. टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. लॅबमध्ये द्राक्षबागांचे नमुने येतात, त्यात वर्षानुवर्षं टाकून स्फुरदाचा आकडा कधीकधी गरजेच्या कितीतरी वर, आणि त्याच बागेत शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह आणि जस्त उचलता येत नाही. मग शेतकरी अजून एक १२:६१ (स्फुरदाचं खत) सोडतो, आणि जस्त अजून अडतं. त्याच तालुक्यातल्या पडीक माळावर बघावं तर स्फुरद ‘अत्यंत कमी’.

---

संचालक
बुधवार, सकाळी ८:००

रासायनिक विरुद्ध नैसर्गिक शेतीसाठी जुना धागा आहे, तिकडे हाणामारी सुरूच आहे. इथे कार्बन आणि अन्नद्रव्यं एवढंच. काळी_आई यांचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

वनपाल_निवृत्त
बुधवार, सकाळी ११:२५

सह्यभटक यांनी जंगलाचं काढलं म्हणून लिहितो. आयुष्य याच डोंगरांत गेलं.

फेब्रुवारी ते एप्रिल ब्रह्मगिरीपासून हरिहरपर्यंत वणवे लागतात, लावले जातात म्हणा. गवत चांगलं येतं असा समज. गवत जळतं तेव्हा त्यातल्या नत्राचा मोठा भाग धुरातून जातो. स्फुरद-पालाश राखेत राहतं, पण उतार उभा आणि पहिला पाऊस जोराचा, राख ओढ्याला. दरवर्षी हेच. अशा उतारावर तुम्ही पावसाळ्यात रोपं लावता, फोटो काढता, आणि तिसऱ्या वर्षी रोप कमरेएवढंच. लोक म्हणतात पाणी नाही. पाणी तिथे तीन हजार मिलिमीटर पडतं! मातीच नाही, आणि आहे तिच्यात काही नाही.

गिरिपुष्प लावलं तर मात्र येतं. शेंगवर्गीय, स्वतःचं नत्र स्वतः करतं. त्यामुळे जिकडेतिकडे गिरिपुष्प लावून टाकलं, त्याच्यावर आता शिव्या पडतात. शिव्या बरोबर आहेत, खाली काही उगवत नाही, पाखरू बसत नाही. पण ते का लावलं गेलं, याचं एक कारण हेही होतं.

---

गोदाकाठ
बुधवार, रात्री ८:५०

काका, हे सोन्यासारखं लिहिलंत. पनामाच्या जंगलात २०१३ ला याचं मोजमाप झालंय. तोडलेल्या जागी पुन्हा उगवणाऱ्या रानात पहिल्या बारा वर्षांत लागणाऱ्या नत्रातलं निम्म्याहून अधिक शेंगवर्गीय झाडांनी पुरवलं. पण ती तिथली स्थानिक, अनेक जातींची, मिसळून वाढलेली. नुसतं गिरिपुष्प लावणं आणि मिश्र रानात शिरीष, खैर, पळस असणं यात तोच फरक.

आणखी एक गोष्ट पत्रकवाल्याच्या बाजूची सांगतो, न्यायाला धरून. एक किलो नत्रावर मातीत १२ किलो कार्बन बसतो, पण लाकडात २००-३०० किलो, कधी त्याहून जास्त. लाकूड नत्राला फार काटकसरी. म्हणून कार्बन साठवायचा तर झाड हा मातीपेक्षा स्वस्त मार्ग. अट एवढीच की लाकडाआधी पानं आणि मुळं उभी करावी लागतात, ती मात्र नत्रखाऊ. उपाशी मातीत झाड तिथेच अडकतं, काकांच्या कमरेएवढ्या रोपासारखं.

मातीचं गणित किती मोठं होतं ते बघा. २०१५ च्या पॅरिस परिषदेत ‘हजारी चार’ नावाचा उपक्रम निघाला, जगातल्या मातीतला कार्बन दरवर्षी ०.४ टक्के वाढवायचा. दोन वर्षांनी काही मृदाशास्त्रज्ञांनी वही काढली. शेतजमिनीवर हे करायचं तर वर्षाला १० कोटी टन जादा नत्र लागेल, जगातल्या तेव्हाच्या नत्रखत उत्पादनाच्या तीन चतुर्थांश. आणि ते खत बनवायला गॅस जाळायचा, शेतात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड निघणार, जो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. वरच्या एकराच्या उदाहरणात ६७ किलो नत्रातलं एक टक्का जरी असं उडालं, तरी २.९ टनांतले जवळपास ३०० किलो तिथेच वजा.

---

पायरपाडा
बुधवार, रात्री १०:०२

मी सुरगाण्याकडचा. इथं सगळे काळ्या जमिनीचं बोलतात, आमची लाल, आंबट, दगड वर आलेली. नागली-वरईची जमीन.

आमच्याकडं राब भाजतात. उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, गवत, शेणाच्या गोवऱ्यांचा चुरा, वरून बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं पेटवायचं, म्हणजे सावकाश जळतं. पाऊस पडला की त्याच जागेत नागलीचं रोप टाकायचं. बाहेरून आलेले साहेब सांगतात राब बंद करा, प्रदूषण होतं, झाडं तुटतात. पण राब न भाजता रोप टाकलं तर पिवळं, बोटभर राहतं. तेवढ्या वाफ्यासाठी अख्ख्या डोंगराचं सत्त्व गोळा करून आणतो, असं आजा म्हणायचा. मग हा कार्बन सोडणं झालं की काय झालं?

---

गोदाकाठ
बुधवार, रात्री १०:४०

दादा, तुमच्या आजानं आमच्या दोन प्रकरणांचा अभ्यासक्रम एका ओळीत सांगितला.

आंबट लाल मातीत स्फुरदाला लोह आणि अॅल्युमिनियम धरून ठेवतात. राख अल्कधर्मी असते, ती आंबटपणा मारते, स्वतःचं स्फुरद-पालाश देते, आणि भाजल्यानं तण आणि कीड पण जाते. नत्र थोडं उडतं, पण राबाखालचा मातीचा थर तापून अमोनियाच्या रूपात थोडं मोकळंही होतं, म्हणून सुरुवातीला रोप तरारतं. कार्बन सोडणं आहेच. पण एका गुंठाभर वाफ्यासाठी जो डोंगर ओरबाडला जातो, तिथल्या ऐनाला दरवर्षी नवी पालवी काढायला नत्र-स्फुरद लागतं आणि ते खाली वाफ्यात गेलेलं असतं, खरा तोटा तिथे. इगतपुरीच्या संशोधन केंद्राकडे भाताच्या रोपवाटिकेसाठी राबाऐवजी गादीवाफा, शेणखत आणि थोडं स्फुरद अशी पद्धत मिळेल. नागलीला लावून बघा, आधी एका कोपऱ्यात. पूर्ण बंद करा असं मी इथे एसीत बसून सांगणार नाही.

---

अपर्णा_क
गुरुवार, दुपारी १२:१०

एक शेवटचं. बेसाल्टची भुकटी शेतात टाकून कार्बन पकडतात असं वाचलं. आपल्याकडे तर क्रशरची धूळ फुकट उडत असते!

---

गोदाकाठ
गुरुवार, रात्री ९:३०

होतं तसं. बेसाल्ट झिजताना कार्बन डायऑक्साइड पाण्यात बायकार्बोनेट होऊन अडकतो, सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं स्फुरद सुटतं. अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात प्रयोगात उत्पन्नही वाढलं. पण दगड झिजायला माती आंबट हवी. आपल्या आठच्या वरच्या सामूच्या, चुनखडीच्या जमिनीत तो नुसता पडून राहील, आणि आपली काळी माती मुळात बेसाल्ट झिजूनच झालीय. फायदा झाला तर पायरपाड्याकडे. तिथे क्रशर नाहीत, आणि ट्रकनं घाट चढवायचा तर डिझेलचा कार्बन मोजा.

मामांचं कळवतो. पत्रकवाल्याला तीन प्रश्न विचारायला सांगितले होते: लावणीआधी माती तपासणार का, झाडागणिक आकडा मोजून देणार की छापील, आणि खताचा खर्च कोणाच्या खात्यात. पहिल्यावर तो म्हणाला, "गरज नाही, आमचं उपग्रहावरून होतं." मामांनी चहा पाजून पाठवलं. बांधावर मात्र ते शेवगा आणि शिरीष लावणार आहेत, क्रेडिटशिवाय.

---

निफाडी_नाना
गुरुवार, रात्री ९:५२

उपग्रहावरून सामू बी दिसतो का विचारायचं होतं.

बरं, माझ्या दोन प्लॉटचे नमुने आणायचेत. एक पाचट गाडलेला, एक न गाडलेला. चालू आठवड्यात आणू का?

---

गोदाकाठ
गुरुवार, रात्री १०:०५

खत टाकून महिना-दोन महिने झाले असतील तरच आणा. दोन्ही प्लॉटचे वेगळे, इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा वीतभर खोल, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून, अशा आठ-दहा जागांची एकत्र करून अर्धा किलो. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत भरून आणलीत तर परत पाठवीन, मागच्या आठवड्यात तिघांना पाठवलंय. आणि फॉर्मवर सेंद्रिय कर्बाबरोबर उपलब्ध नत्राची वेगळी खूण करा, नाहीतर कर्बावरूनच अंदाज काढून देतात, आणि तुम्हाला नेमका तोच फरक बघायचाय.

पायरपाडा, तुम्ही आणणार असाल तर उताराचा माथा, मध्य आणि पायथा असे तीन वेगळे. राबाच्या वाफ्यातला चौथा.